विश्लेषण : ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ म्हणजे काय? जामीनपत्रावर सही करण्यापूर्वी ‘सेव्हर’ हा शब्द का समजून घ्यावा?

सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहताना, भागीदारीचा करार करताना किंवा नव्या नोकरीचे पत्र स्वीकारताना एक इंग्रजी शब्द वेगवेगळ्या रूपांत समोर येतो. कधी ‘सेव्हरली’, कधी ‘सेव्हरन्स’, तर कधी ‘सेव्हरेबिलिटी’. रोजच्या बोलण्यात तो फारसा नसल्याने बहुतेक जण तो वाचून पुढे जातात. मात्र संपूर्ण कर्ज कोणाकडून वसूल होणार, नोकरी गेल्यावर हातात काय पडणार आणि कराराचे एखादे कलम रद्द झाले तर उरलेल्याचे काय होणार, हे याच शब्दावर ठरते.

‘सेव्हर’ या शब्दाचा अर्थ काय?

‘सेव्हर’ म्हणजे तोडणे, कापून वेगळे करणे. इंग्रजी बातम्यांत तो साधारणपणे तीन ठिकाणी दिसतो. अपघातात हात किंवा पाय तुटून वेगळा होणे, समुद्राखालची इंटरनेट केबल तुटणे आणि दोन देशांनी राजनैतिक संबंध तोडणे. वेगळे करण्यासाठी इंग्रजीत ‘सेपरेट’ हा सोपा शब्द आहे. पण टेबलावरच्या दोन वह्या वेगळ्या ठेवल्या तर त्याला ‘सेव्हर’ म्हणत नाहीत. जी गोष्ट आधी एकसंध होती किंवा घट्ट जोडलेली होती, ती तोडली जाते तेव्हा ‘सेव्हर’ वापरतात.

गंमत म्हणजे हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. लॅटिनमधील ‘सेपरारे’ या क्रियापदापासून ‘सेपरेट’ थेट इंग्रजीत आला, तर ‘सेव्हर’ जुन्या फ्रेंचमधील ‘सेव्रे’ या रूपातून आला. आजच्या फ्रेंचमध्ये ‘सेव्रे’चा रूढ अर्थ बाळाचे अंगावरचे दूध सोडवणे असा आहे. मराठीतही यासाठी ‘दूध तोडणे’ असेच म्हणतात.

‘गंभीर’ या अर्थाच्या ‘सिव्हिअर’शी मात्र या शब्दाचे नाते नाही. तो ‘कठोर’ अशा अर्थाच्या वेगळ्या लॅटिन शब्दावरून आला आहे. दोघांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये फक्त शेवटच्या एका अक्षराचा फरक असल्याने गल्लत होते.

‘सेव्हरल’ म्हणजे तर ‘अनेक’, मग कागदपत्रांत अर्थ वेगळा का?

शाळेत ‘सेव्हरल’चा अर्थ ‘अनेक’ किंवा ‘बरेच’ असा शिकवला जातो आणि आजच्या इंग्रजीत तो बरोबरही आहे. पण हा अर्थ नंतरचा आहे. ‘सेव्हरल’चा मूळ अर्थ ‘स्वतंत्र’, ‘सुटा’, ‘ज्याचा त्याचा’ असा होता. सुट्या सुट्या गोष्टी मोजता मोजता ‘एकाहून जास्त’ असा अर्थ त्याला चिकटला आणि बोलीत तोच टिकला.

कायद्याच्या भाषेने मात्र जुना अर्थ सोडला नाही. इंग्लंडमध्ये नॉर्मन राजवटीनंतर कित्येक शतके न्यायालयीन कामकाजावर फ्रेंचचा पगडा होता. त्या काळातले अनेक शब्द आजही करारांत जसेच्या तसे आहेत. ब्रिटिश काळात तीच भाषा भारतीय कायद्यांत आली. त्यामुळे जामीनपत्रावर ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ ‘सर्वांनी मिळून आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे’ असा होतो. ‘अनेक जणांनी मिळून’ असा त्याचा अर्थ लावणे ही महागात पडू शकणारी चूक आहे.

मराठी कागदपत्रांत यासाठी ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ असे शब्द वापरले जातात. राज्यातील ग्राहक आयोगांच्या मराठी आदेशांत ‘सामनेवाले यांनी वैयक्तिक व संयुक्तिकरीत्या रक्कम द्यावी’ अशी वाक्यरचना दिसते. तीही याच इंग्रजी संज्ञेची मराठी रूपे आहेत.

जामीनदारासाठी या एका शब्दाने काय बदलते?

समजा, एका कर्मचाऱ्याने पतसंस्थेकडून कर्ज घेतले आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी जामीनदार म्हणून सह्या केल्या. काही हप्त्यांनंतर कर्जदाराने पैसे भरणे थांबवले. थकबाकी ६ लाख रुपये आहे. दोघाही जामीनदारांचा समज साधारणपणे असा असतो, की आधी कर्जदाराची मालमत्ता विकली जाईल आणि त्यातूनही काही उरले तर ते तिघांत समान वाटले जाईल, म्हणजे फार तर प्रत्येकी २ लाख.

‘जॉइंटली अँड सेव्हरली’ या शब्दांनी हा समज मोडीत निघतो. संस्था तिघांकडून मिळून ६ लाख मागू शकते किंवा तिघांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण ६ लाख मागू शकते. व्यवहारात ज्याचा पगार नियमित आहे आणि ज्याचा पत्ता बदललेला नाही, त्याच्या दारात वसुली आधी पोहोचते. म्हणजे सर्वांत प्रामाणिक आणि स्थिर माणूसच सर्वांत आधी सापडतो.

करारात फक्त ‘सेव्हरल’ जबाबदारी असेल, म्हणजे प्रत्येकाचा वाटा स्वतंत्रपणे ठरवून दिलेला असेल, तर चित्र उलटे होते. प्रत्येक जण आपल्या वाट्यापुरताच बांधील राहतो. म्हणजे ‘सेव्हरल’ हा शब्द एकटा असेल तर माणसाला वाचवतो आणि ‘जॉइंट’च्या जोडीने आला तर त्याच माणसाला पूर्ण रकमेत अडकवतो.

कायदा नेमके काय सांगतो?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम ४३ नुसार दोन किंवा अधिक व्यक्तींनी मिळून एखादे वचन दिले असेल आणि वेगळे काही स्पष्टपणे ठरलेले नसेल, तर ज्याला वचन दिले तो त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून संपूर्ण पूर्तता मागू शकतो. म्हणजे भारतात सहकर्जदारांच्या करारात ‘सेव्हरली’ हा शब्द नसला तरीही सुटका होत नाही. जबाबदारी वाट्यापुरती मर्यादित हवी असेल तर तसे लिहून घ्यावे लागते.

कायद्याने यासाठी उदाहरणही दिले आहे. अ, ब आणि क यांनी मिळून ‘ड’ला ३,००० रुपये देण्याचे वचन दिले. ‘क’ला संपूर्ण रक्कम भरावी लागली. ‘अ’ दिवाळखोर आहे, पण त्याच्या मालमत्तेतून निम्मी देणी फिटू शकतात. अशा वेळी ‘क’ला ‘अ’च्या मालमत्तेतून ५०० आणि ‘ब’कडून १,२५० रुपये मिळतील. म्हणजे ‘अ’ने बुडवलेल्या ५०० रुपयांचा भार ‘ब’ आणि ‘क’ यांनी निम्मा निम्मा सोसायचा. तिघांची जबाबदारी समान होती, तरी दोघांना जास्त भरावे लागले.

जामीनदारासाठी कलम १२८ महत्त्वाचे आहे. करारात वेगळे काही नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ‘बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद’ या प्रकरणात फेटाळला. जामीनदाराला कर्जदाराची वाट पाहायला लावली, तर जामिनाचा हेतूच संपतो, अशी त्यामागील भूमिका होती.

महाराष्ट्रात पतसंस्था आणि नागरी सहकारी बँकांच्या कर्जांना आणखी एक पदर आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ नुसार या संस्था निबंधकांकडून थेट वसुली दाखला मिळवू शकतात. त्यासाठी दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता धरावा लागत नाही. ‘एकशे एकचा दाखला’ म्हणून तो ओळखला जातो. पगारदारांच्या पतसंस्थेला सभासदाने लेखी संमती दिलेली असेल, तर कलम ४९ नुसार मालकाकडून पगारातून कपात करून घेण्याचीही सोय आहे.

भरलेले पैसे परत मिळतात का?

कायद्याने हक्क दिला आहे, हमी दिलेली नाही. पूर्ण रक्कम भरणारा जामीनदार ती मूळ कर्जदाराकडून मागू शकतो. कलम १४० नुसार तो धनकोच्या जागी उभा राहतो, म्हणजे संस्थेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क त्याला मिळतात. संस्थेकडे काही तारण असेल तर कलम १४१ नुसार त्याचा लाभही त्याला मिळू शकतो. सहजामीनदाराकडून निम्मा वाटा मागण्याचा हक्क कलम १४६ मध्ये आहे. वरच्या उदाहरणात ६ लाख भरणारा जामीनदार दुसऱ्या जामीनदाराकडून ३ लाख मागू शकेल.

अडचण अशी, की हे सर्व त्याने स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या वेळेत करायचे असते. संस्थेचे पैसे वसूल झालेले असल्याने तिला पुढच्या भांडणात रस नसतो. संस्थेने एका जामीनदाराला मोकळे केले तरी कलम १३८ नुसार दुसरा आपोआप सुटत नाही.

काही संरक्षणेही आहेत. जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या, तर कलम १३३ नुसार बदलानंतरच्या व्यवहारांतून तो मुक्त होतो. त्याला न विचारता कर्जदाराशी तडजोड केली किंवा मुदत वाढवून देण्याचे कबूल केले, तर कलम १३५ लागू होते. पण जामीनपत्रांच्या छापील नमुन्यांत हेच हक्क सोडून देत असल्याचे एक वाक्य अनेकदा असते. त्यात कलमांचे फक्त आकडे असतात. त्यामुळे सही करणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत, हे कळतही नाही.

बँक खाते, भागीदारी आणि अपघाताच्या दाव्यात काय?

बँकेत संयुक्त खाते उघडताना ‘जॉइंटली’ असा पर्याय निवडला तर प्रत्येक व्यवहाराला सर्वांच्या सह्या लागतात. ‘जॉइंटली ऑर सेव्हरली’ निवडले तर कोणीही एक जण खाते चालवू शकतो. येथे ‘सेव्हरली’ सोयीचा आहे, पण एक जण सर्व रक्कम काढू शकतो, ही त्याचीच दुसरी बाजू आहे.

भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम २५ नुसार प्रत्येक भागीदार आपल्या कार्यकाळातील फर्मच्या सर्व कृत्यांसाठी इतरांसह आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. नफ्यातील वाटा १० टक्के असला तरी फर्मचे संपूर्ण देणे त्याच्या अंगावर येऊ शकते. म्हणूनच अनेक लहान व्यवसाय आणि स्टार्टअप ‘एलएलपी’चा मार्ग घेतात. २००८ च्या त्या कायद्यात एका भागीदाराच्या गैरकृत्यासाठी दुसऱ्याला वैयक्तिकरीत्या जबाबदार धरले जात नाही.

हाच शब्द नुकसान सोसणाऱ्याच्या बाजूनेही उभा राहतो. दोन वाहनांच्या चुकीमुळे तिसरी व्यक्ती जखमी झाली, तर ती दोघांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण भरपाई मागू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘खेन्येई विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स’ या प्रकरणात स्पष्ट केले. कोणाची चूक किती, याचा हिशेब त्या दोघांनी आपसांत करायचा. अपघातग्रस्त कुटुंबाला त्यासाठी थांबावे लागत नाही.

‘सेव्हरन्स पे’ हा कायदेशीर हक्क आहे का?

नोकरकपातीच्या बातम्यांमुळे ‘सेव्हरन्स’ हे रूप आता ओळखीचे झाले आहे. २०२२ मध्ये आलेल्या ‘सेव्हरन्स’ या वेब मालिकेनेही त्यात भर घातली. तिच्यातील कर्मचाऱ्यांच्या कार्यालयातील आणि घरातील आठवणी शस्त्रक्रियेने एकमेकींपासून तोडल्या जातात. कंपन्यांच्या भाषेत मात्र ‘सेव्हरन्स’ म्हणजे नोकरीचे नाते तोडताना दिली जाणारी रक्कम.

भारतीय कामगार कायद्यात यासाठी ‘कपात भरपाई’ ही संकल्पना आहे. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम २५-एफ मध्ये किमान एक वर्ष सलग सेवा केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी वेतन आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन, असे सूत्र ठरवण्यात आले. आठ वर्षे नोकरी झाली असेल तर भरपाई १२० दिवसांच्या वेतनाइतकी होते. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही हेच सूत्र ठेवले आहे. शिवाय कपात झालेल्या कामगाराच्या कौशल्यवृद्धीसाठी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम देणाऱ्या निधीची तरतूद तिच्यात आहे.

हे संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. व्यवस्थापकीय पदावरील कर्मचाऱ्याला ‘सेव्हरन्स’ किती मिळणार, हे प्रामुख्याने त्याच्या करारावर आणि कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी हे स्वतंत्र हक्क आहेत. ‘सेव्हरन्स पॅकेज’च्या आकड्यात ते मिळवून दाखवले असतील, तर मूळ रक्कम किती आहे, हे वेगळे काढून पाहावे लागते.

करारातील ‘सेव्हरेबिलिटी क्लॉज’ कशासाठी असतो?

मोबाइलवर नवे अॅप घेताना आपण ज्या अटी न वाचता मान्य करतो, त्यांच्या शेवटी बहुधा हे कलम असते. नोकरीच्या करारातही असते. त्याचा आशय असा, की करारातील एखादी अट न्यायालयाने बेकायदा ठरवली तर तेवढीच अट कापली जाईल, उरलेला करार कायम राहील. फोनमधील एक अॅप काढून टाकले तरी फोन चालत राहतो, पण ऑपरेटिंग सिस्टिम काढली तर तो बंद पडतो. ‘सेव्हरेबिलिटी’चा प्रश्न नेमका हाच असतो. काढला जाणारा भाग अॅपसारखा आहे की ऑपरेटिंग सिस्टिमसारखा?

इंग्लंडमधील न्यायालयांनी यासाठी ‘ब्लू पेन्सिल’ कसोटी तयार केली. आक्षेपार्ह शब्दांवर निळ्या पेन्सिलीने रेघ मारली आणि उरलेले वाक्य काहीही नवे न लिहिता अर्थपूर्ण राहिले, तर तो भाग तोडता येतो.

कर्मचाऱ्यांसाठी याचा थेट परिणाम आहे. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही, अशी अट अनेक करारांत असते. करार कायद्याच्या कलम २७ नुसार व्यवसाय किंवा रोजगारावर असे बंधन घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्याशी संबंधित २००६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेतला. करार संपल्यानंतर दुसऱ्या कंपनीकडून येणारा प्रस्ताव आधी जुन्या कंपनीपुढे ठेवण्याची अट त्याच्यावर लादता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

पण एक अट रद्द म्हणून संपूर्ण करार रद्द, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. गोपनीयता, नोटीस काळ आणि प्रशिक्षणाच्या खर्चाचा बाँड या अटी उरलेल्या भागात टिकून राहू शकतात. ठरावीक काळापूर्वी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली.

न्यायालये कायद्याचा एखादाच भाग कसा रद्द करतात?

करारांना लागू होणारे हेच तत्त्व कायद्यांनाही लागू होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३ नुसार मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा ‘त्या विसंगतीपुरता’ रद्द होतो. १९५० मध्ये ए. के. गोपालन प्रकरणात प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायद्याचे फक्त कलम १४ रद्द झाले, बाकीचा कायदा राहिला. १९५१ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याबाबत एफ. एन. बलसारा प्रकरणात अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यापुरत्या काही तरतुदी अवैध ठरल्या, पण दारूबंदी कायम राहिली.

या तत्त्वाचे नियम १९५७ च्या ‘आर. एम. डी. चमारबागवाला’ निकालात एकत्र मांडले गेले. विषय होता बक्षिसांच्या शब्दकोडे स्पर्धांचा. १९५५ च्या कायद्याने जुगारासारख्या स्पर्धांबरोबर कौशल्याच्या स्पर्धाही बांधल्या जातात, असा आक्षेप होता. कायदा जुगाराच्या स्पर्धांपुरताच आहे आणि दोन्ही प्रकार त्यात आले असे मानले तरी ते एकमेकांपासून तोडता येतात, असे न्यायालयाने म्हटले. अवैध भाग वगळला जाणार हे आधी माहीत असते तर कायदेमंडळाने उरलेला कायदा केला असता का, ही यातील मुख्य कसोटी आहे.

महाराष्ट्राच्या राजकारणाशी याचा संबंध काय?

पक्षांतरबंदीसाठी १९८५ मध्ये राज्यघटनेत दहावी अनुसूची आली. तिच्या परिच्छेद ७ मध्ये अपात्रतेच्या प्रश्नात न्यायालयांनी लक्ष घालू नये, अशी तरतूद होती. त्यासाठी किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता आवश्यक होती, ती घेतलेली नव्हती. १९९२ च्या ‘किहोटो होलोहान’ निकालात पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी परिच्छेद ७ तेवढा कापला आणि उरलेली अनुसूची वैध ठरवली. दोघांच्या मते तो भाग तोडता येण्यासारखा नव्हता, त्यामुळे सर्व अनुसूचीच अवैध होती. एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर तो पक्षांतरबंदी कायदाच उरला नसता. विधानसभा अध्यक्षांच्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येते, तेही याच निकालामुळे. २०२२ नंतरच्या महाराष्ट्रातील सत्तासंघर्षात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला वाद याच अनुसूचीभोवती होता.

सहकार क्षेत्रातही असेच घडले. ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांसाठी राज्यघटनेत ‘भाग नऊ-ब’ जोडला. सहकार हा राज्यांचा विषय असूनही राज्यांची मान्यता घेतली नव्हती. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तो भाग फक्त बहुराज्यीय सहकारी संस्थांपुरता ठेवला. राज्यातील गृहनिर्माण संस्था, पतसंस्था आणि साखर कारखाने यांना तो लागू राहिला नाही.

एकत्र कुटुंबात ‘सेव्हरन्स’ कधी होतो?

हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यात ‘सेव्हरन्स ऑफ स्टेटस’ ही संज्ञा आहे. ‘मी आता विभक्त होत आहे’ असा निःसंदिग्ध इरादा एखाद्या सहदायकाने व्यक्त केला की त्याचा एकत्र दर्जा तुटतो, इतरांची संमती लागत नाही. १९१६ मध्ये ‘गिरजाबाई विरुद्ध सदाशिव धुंडिराज’ या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने हे तत्त्व मांडले. हा इरादा इतर सदस्यांपर्यंत पोहोचवणे आवश्यक असल्याचे पुढे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

येथे दोन टप्पे वेगळे आहेत. दर्जा तुटणे हा पहिला आणि जमिनीचे सरस-निरस मानाने प्रत्यक्ष वाटप हा दुसरा. दोन्हींत कित्येक वर्षांचे अंतर पडू शकते. फक्त चूल वेगळी मांडली किंवा शिधापत्रिका विभक्त झाली म्हणून वाटणी झाल्याचे सिद्ध होत नाही. मुलींच्या वारसाहक्कासाठी २००५ च्या दुरुस्तीनंतर तर नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा यांनाच प्रामुख्याने वाटणी मानले जाते. ‘तोंडी वाटणी आधीच झाली होती’ असे सांगून मुलीचा हिस्सा सहजासहजी नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या विनीता शर्मा निकालात बजावले आहे.

सही करण्यापूर्वी काय पाहावे?

कागदावर ‘जॉइंटली अँड सेव्हरली’, ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ किंवा ‘वैयक्तिक व संयुक्तिक’ यांपैकी काहीही असले, तरी संपूर्ण रक्कम आपल्याला एकट्याला भरावी लागू शकते असे गृहीत धरावे. व्याज आणि वसुलीचा खर्चही त्यात येऊ शकतो.

जबाबदारीला ठरावीक रकमेची मर्यादा घालता येते का, हे संस्थेला विचारावे. मान्य झाल्यास ते जामीनपत्रातच लिहून घ्यावे, तोंडी आश्वासनाचा उपयोग होत नाही. पत्रात कलम १३३ ते १४१ दरम्यानचे हक्क सोडल्याचे वाक्य आहे का, हेही पाहावे. कोऱ्या नमुन्यावर सही करू नये आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घ्यावी.

जामीन एकाच कर्जापुरता आहे की पुढच्या कर्जांनाही लागू होणारा ‘चालू जामीन’ आहे, हे तपासावे. चालू जामीन नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरता मागे घेता येतो. आधी दिलेल्या कर्जाची जबाबदारी मात्र तशीच राहते.

जामीन राहिलेले कर्ज आपल्या पतअहवालातही दिसते. त्यामुळे स्वतःचे गृहकर्ज घेण्यापूर्वी तो तपासावा आणि मूळ कर्जदाराचे हप्ते वेळेवर जात आहेत का, याची संस्थेकडे अधूनमधून चौकशी करावी. पहिला हप्ता थकल्याचे जामीनदाराला लगेच कळले, तर कर्जदाराशी बोलून मार्ग काढायला वेळ मिळतो. वसुलीची नोटीस हातात पडेपर्यंत थकबाकीवर व्याज चढलेले असते.